डावे हात

"डावा हात म्हणजे कोणता?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

दहावी अ च्या मुलींनी एकदम हात वर केले. तिसऱ्या बाकावरच्या प्रेमकुंवरने मोठ्या विश्वासाने उजवा उंचावला, मग शेजारणीकडे तिरक्या नजरेने बघितलं आणि घाईघाईने बदलला. मागच्या दोन-तीन बाकांवर खसखस पिकली.

"प्रेमकुंवर, अगं जेवतेस कोणत्या हाताने?"

"ह्या."

"मग राहिलेला तो डावा. एवढं सोपं आहे."

प्रेमकुंवरने मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पुन्हा उजवा हात वर केला. एरवी प्रमिलाबाईंनाही हसू आलं असतं. आज त्यांनी न बोलता टेबलाचा खण उघडला, नकाशे बांधायच्या काळ्या दोऱ्याचा एक तुकडा तोडला आणि तिच्या डाव्या मनगटाला गाठ मारून बांधला. गाठ मारताना त्यांची बोटं नीट चालत नव्हती. पोरीच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने दुसऱ्या हाताने दोऱ्याचं टोक धरून दिलं.

उद्या शाळेची तपासणी होती. इन्स्पेक्टर साहेब वर्गात येऊन बसणार, प्रश्न विचारणार किंवा विचारायला लावणार. तेव्हा साऱ्या वर्गाने हात वर करायचे. जिला उत्तर येत असेल तिने उजवा, जिला येत नसेल तिने डावा. साहेबांना हातांचं रान दिसलं म्हणजे झालं, बाई उजव्यातल्या एकीला उठवतील. ही युक्ती प्रमिलाबाईंच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ऑफिसचं दार लोटून घेऊन त्यांना सांगितली होती. मोठ्या बाईंना ती त्यांच्या मोठ्या बाईंनी सांगितली असणार. धुळ्यात पांझरा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे जेवढ्या शाळा होत्या तेवढ्यांत ती चालत असावी, आणि प्रत्येक शाळेला वाटत असावं की ती फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

"आणखी दोन गोष्टी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी 'खाली' म्हटल्याशिवाय कुणी हात खाली घ्यायचा नाही. आणि साहेबांसमोर कुणीही आपणहून तोंड उघडायचं नाही. नाव घेतलं तरच उभं राहायचं."

हे सांगताना त्यांची नजर खिडकीजवळच्या बाकावर गेली. तिथे नर्मदा बसली होती आणि तिची नजर आधीपासूनच बाईंवर होती.

नर्मदा शिरपूरकडच्या एका खेड्यातून मावशीकडे शिकायला आलेली. वर्गात तिच्याइतकी गणितं कुणी सोडवत नसे आणि तिच्याइतकी भीती प्रमिलाबाईंना कुणाची वाटत नसे. दिवाळीनंतर त्यांनी करणींचा धडा काढला तेव्हाची गोष्ट. छेदात, म्हणजे अपूर्णांकाच्या खालच्या मजल्यावर, वर्गमूळ ठेवायचं नसतं. ते तिथून काढायचं. पुस्तकात त्याला छेदाचं परिमेयीकरण असं भारदस्त नाव आहे. प्रमिलाबाई त्याला 'छेद मोकळा करणं' म्हणत. खाली मूळ तीन वजा मूळ दोन असेल तर त्याचा जोडीदार घ्यायचा, मूळ तीन अधिक मूळ दोन. 'जोडीदार' शब्दाला मुली हसायच्या, म्हणून तो त्यांच्या चांगला लक्षात राहिला होता. त्या जोडीदाराने गुणलं की खालची वर्गमुळं निघून जातात आणि साधा आकडा उरतो. फक्त खाली गुणलं की वरही गुणायचं, नाहीतर अपूर्णांकाची किंमतच बदलते.

तेव्हा नर्मदा उठली होती आणि घाईत तिच्या तोंडून घरचंच बोलणं निघालं होतं.

"बाई, खाले ऱ्हायनं ते काय बिघडस?"

वर्ग हसला. नर्मदा कानापर्यंत लाल झाली, पण बसली नाही. "म्हणजे, वर्गमूळ खालीच राहिलं तर काय बिघडतं? वर गेलं तरी ते वर्गमूळच ना?"

प्रमिलाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याजवळ उत्तर नाही. शाळेत, कॉलेजात, बी.एड.ला, त्यांनी असे शेकडो छेद मोकळे केले होते. का करायचे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"परीक्षेत गुण जातात," त्या म्हणाल्या. "बस खाली."

नर्मदा बसली. पुन्हा तिने विचारलं नाही. पण तो प्रश्न वर्गातून गेला नव्हता. छेद मोकळा करायचं गणित फळ्यावर आलं की तो त्या खिडकीजवळच्या बाकावर बसलेला असे आणि प्रमिलाबाई तिकडे बघायचं टाळत. उद्या साहेबांसमोर हाच धडा घ्यायचा होता. तारीख आणि धडा दोन्ही वरून ठरून आलं होतं.

"खाली जे दिलं ते?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"वर पण द्यायचं," सारा वर्ग एका सुरात म्हणाला.

"पुन्हा."

"खाली जे दिलं ते वर पण द्यायचं."

घंटा होईपर्यंत त्यांनी हे एवढंच घोकून घेतलं.

देवपुरातल्या खोलीवर त्या पोचल्या तेव्हा दाराशी चुडामणभाऊ उभा होता. हा त्यांचा थोरला भाऊ. एरंडोलहून यष्टीने आला होता आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचं गाठोडं त्याने खाली न ठेवता काखेतच धरलेलं होतं. प्रमिलाबाईंनी कुलूप काढलं, त्याला पाणी दिलं, स्टोव्ह पेटवायला घेतला. काडी दोनदा विझली.

"सकायले तपासनी शे ना तुनी?" त्याने विचारलं.

"हो. तुला कोणी सांगितलं?"

"मोठ्या बाईसनी. शाळावर जाई उनू मी आधी." तो भिंतीला टेकून बसला. "त्या सांगेत, साहेबनी चांगलं लिखं ते तू कायम. नई लिखं ते..." पुढचं त्याने हाताने सांगितलं.

भाऊ वाईट नव्हता. वडील गेल्यावर त्यानेच प्रमिलाबाईंना बी.एड. करू दिलं होतं, वहिनीचं न ऐकता. पण आता त्याच्या मागे लोक लागले होते. पाचोऱ्याचं एक स्थळ होतं. बिजवर, दोन मुलं, कापसाचा व्यापार. माणूस बरा असेल किंवा नसेलही, प्रमिलाबाईंनी त्याला बघितलेलं नव्हतं. त्याने मात्र यांचा फोटो बघितला होता आणि निरोप पाठवला होता की मास्तरीण असली तरी चालेल, पण नोकरी सोडावी लागेल. गेल्या उन्हाळ्यात प्रमिलाबाईंनी भावाला म्हटलं होतं की नोकरी कायम झाली तर तो विषय काढायचा नाही, आणि न झाली तर तू म्हणशील तिथे मी उभी राहीन. बोलून गेल्या होत्या. चुडामणभाऊ असलं बोलणं विसरणारा नव्हता.

"ते लोके थांबी ऱ्हायनात," तो म्हणाला. "मी त्यासले सांगं, आठ दिन थांबा."

"बरं."

"तुले भ्याव वाटस का?"

त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "साहेबांनी मागे एका शाळेत एका मास्तरांना मुलांसमोर फळ्यापाशी उभं केलं होतं म्हणे. त्यांना सुचलंच नाही काही. मुलं बघत होती."

"मंग काय झाय?"

"ते मास्तर आता किराणा दुकानावर बसतात."

चुडामणभाऊने चहा घेतला, पिठाचं गाठोडं कोपऱ्यात नीट लावून ठेवलं आणि शेवटची यष्टी गाठायची म्हणून निघाला. दारात वळून म्हणाला, "साहेब जे म्हणी त्याले हा म्हन. मोठा लोकेसले हा म्हनं का बठ्ठं नीट व्हस."

प्रमिलाबाईंना ते पटलं. त्यांनाही नेमकं तेच करायचं होतं.

सकाळी शाळेचा व्हरांडा धुतलेला होता. दारात रांगोळी होती, मोठ्या बाईंनी जरीच्या काठाचं लुगडं नेसलं होतं आणि शिपायाच्या डोक्यावर चक्क टोपी होती. जानेवारीचा गारठा अजून गेला नव्हता, तरी प्रमिलाबाईंच्या तळव्यांना घाम येत होता. पहिल्या तासाला खडू दोनदा हातातून निसटला. दुसऱ्या तासाला त्या फळ्यावर तारीख लिहायला विसरल्या. तिसऱ्या तासाची घंटा झाली आणि व्हरांड्यातून बुटांचा आवाज जवळ आला, तेव्हा त्यांना वाटलं की आता आपल्याला आपलं नावसुद्धा आठवणार नाही.

बोरसे साहेब उंच, कोटातले, जाड भिंगांच्या चष्म्याचे होते. मागून मोठ्या बाई आल्या आणि दारातच थांबल्या. साहेबांनी मुलींचा नमस्कार घेतला, टाचणवही चाळली, ती परत दिली आणि शेवटच्या बाकावर एकटेच जाऊन बसले. पुढ्यात त्यांनी शाळेचं शेरेबुक ठेवलं.

"चालू द्या, बाई."

प्रमिलाबाईंनी फळ्याकडे तोंड केलं. साहेब दिसेनासे झाल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं. एक छेद मूळ दोन, हे सोपं उदाहरण त्यांनी घेतलं. आवाज आधी चिरका लागला, मग रुळला. खाली मूळ दोनने गुणलं, वर मूळ दोनने गुणलं, उत्तर मूळ दोन छेद दोन. मग त्यांनी दुसरं उदाहरण घालून विचारलं, "कोण सांगेल?"

चाळीसेक हात वर गेले. मागून साहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला, समाधानाचा वाटला. उजवे बरेच होते. प्रमिलाबाईंनी पहिल्या बाकावरच्या एकीला उठवलं, तिने बरोबर सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हात, पुन्हा बरोबर उत्तर. खिडकीजवळच्या बाकाकडे त्यांनी नजर जाऊ दिली नाही.

तेवढ्यात साहेब उठले.

"छान. आता मी एक घालतो," असं म्हणत ते बाकांच्या मधल्या वाटेने पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. प्रमिलाबाईंनी त्या हातावर खडू ठेवला. खडू ओला झाला होता. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं.

"मीही एके काळी गणितच शिकवायचो," साहेब मुलींना म्हणाले. फळ्यापाशी उभं राहिल्यावर त्यांचा चेहरा बदलला होता. "सांगा बरं, छेदात वर्गमूळ का ठेवायचं नाही?"

प्रमिलाबाईंनी तो लगेच ओळखला. हाच तो प्रश्न. आता ते वळतील, मुलींकडे बघतील, कुणालाच येणार नाही, मग आपल्याकडे बघतील आणि म्हणतील, बाई, तुम्ही सांगा. किराणा दुकानावर बसणारे ते मास्तर त्यांच्या डोळ्यांसमोर आले. पाचोऱ्याचं न बघितलेलं घर आलं. त्यांच्यापासून हातभर अंतरावर नर्मदा श्वास रोखून बसली होती.

"कारण तसा नियम आहे," साहेब स्वतःच म्हणाले. "गणितात शिस्त हवी. नियम म्हणजे नियम."

प्रमिलाबाईंना इतकं हलकं वाटलं की पुढचं त्यांनी नीट ऐकलंच नाही. खडूचा आवाज येत होता, साहेब ओळीमागून ओळ लिहीत होते, मधूनमधून बोलत होते. त्यांचं अक्षर मोठं आणि वळणदार होतं. प्रमिलाबाई मुलींच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या, कुणी बोलत नाही ना, कुणी हसत नाही ना. कुणी हसत नव्हतं. शेवटी साहेबांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"बघा, केवढं अवघड दिसत होतं आणि किती सुटसुटीत उत्तर आलं. एक." ते हात झटकत वळले. "समजलं त्यांनी हात वर करा."

सारा वर्ग हातांनी भरून गेला. एक बाक रिकामा नाही.

"वा," साहेब म्हणाले. "सगळ्यांना समजलं. प्रमिलाबाई, तयारी चांगली आहे तुमच्या वर्गाची." ते मागे गेले, बाकावर बसले, खिशातलं पेन काढून त्यांनी शेरेबुक उघडलं. दारातल्या मोठ्या बाईंनी प्रमिलाबाईंकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, झालं हं.

खरंच झालं होतं. आता फक्त 'खाली' म्हणायचं राहिलं होतं. ते म्हणायला प्रमिलाबाईंनी वर्गाकडे बघितलं आणि त्यांना तिसऱ्या बाकावर काळा दोरा दिसला. तो वर होता. प्रेमकुंवरने दोरा बांधलेला हात वर केला होता.

तिला समजलं नसेल, त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी तिच्या शेजारणीकडे बघितलं. तिचाही डावा. तिच्या पुढचीचा, मागचीचा डावा. आताच धडाधड उत्तरं दिलेल्या पहिल्या बाकावरच्या दोघींचा डावा. त्यांनी मान वळवली. नर्मदाचा डावा हात खिडकीच्या उजेडात सरळ वर होता.

त्यांना धडकीच भरली. एकीलाही समजलेलं नाही. दोन महिने शिकवलेलं सगळं एका रात्रीत गेलं. साहेबांना हे कळलं तर? पण साहेबांना कळायचं कारण नव्हतं. साहेब खाली मान घालून लिहीत होते. आणि मुली साहेबांकडे बघतच नव्हत्या. त्या सगळ्याजणी बाईंकडे बघत होत्या, आणि न समजलेल्या मुलीचा चेहरा कसा असतो हे प्रमिलाबाईंना दोन वर्षांत चांगलं कळलं होतं. हे चेहरे तसे नव्हते.

तेव्हा कुठे त्यांनी फळ्याकडे बघितलं.

एक छेद, मूळ तीन वजा मूळ दोन. पुढच्या ओळीत वर तोच एक, आणि खाली जोडीदाराशी गुणाकार. त्याच्या पुढच्या ओळीत एक छेद, तीन वजा दोन. एक छेद एक. उत्तर एक.

खाली दिलं होतं. वर द्यायचं राहिलं होतं.

त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपलीच काहीतरी चूक होते आहे. इन्स्पेक्टर चुकेल कसा? पदराखाली त्यांची बोटं आकडे मांडू लागली. मूळ तीन म्हणजे एक पूर्णांक सातशे बत्तीस. मूळ दोन म्हणजे एक पूर्णांक चारशे चौदा. वजा केले की शून्य पूर्णांक तीनशे अठरा. एकाला याने भागायचं. तीनशे अठरा तीनदा घेतले तरी हजार भरत नाहीत, म्हणजे उत्तर तीनच्या वर जातं. पुढचा भाग जाईना. बाकी किती, सेहेचाळीस का, मग वर शून्य... त्यांचं डोकं अडकलं. मग त्यांनी तो भागाकार सोडला आणि बरोबर रीतीने येणारं उत्तर घेतलं, मूळ तीन अधिक मूळ दोन. एक सातशे बत्तीस आणि एक चारशे चौदा. तीन पूर्णांक एकशे सेहेचाळीस. पहिलीतल्या पोराला येईल अशी बेरीज.

प्रमिलाबाईंची बोटं थांबली. एवढंच होतं तर. वर्गमूळ खाली असलं की भागत बसावं लागतं आणि वर आलं की नुसती बेरीज. एवढ्यासाठी ते खालून वर आणायचं. दिवाळीपासून ज्या प्रश्नाला त्या भीत होत्या त्याचं उत्तर असं खिडकीपाशी उभं असताना त्यांना सापडलं होतं, आणि त्याचा आनंद करायला वेळ नव्हता.

पेन कागदावर कुरकुरत होतं. साहेबांनी एक ओळ पुरी केली आणि दुसरी सुरू केली. एक शब्द उच्चारायचा होता, 'खाली'. हात खाली येतील, साहेब सही करतील, चुडामणभाऊ पाचोऱ्याला निरोप धाडेल की नाही जमत. साहेब गेल्यावर पुढच्या तासाला फळा पुसून गणित नीट करून दाखवता येईल. मुलींना सांगता येईल की साहेबांची घाई होती. मुली ऐकतील. मुली शहाण्या आहेत.

शब्द जिभेवर आला होता. पण मुली काही चुकीचं करत नव्हत्या. त्यांना सांगितलं होतं, समजलं तर उजवा, नाही समजलं तर डावा. सांगितलं होतं, तोंड उघडायचं नाही. सांगितलं होतं, खाली म्हणेपर्यंत हात वर. त्यांनी तेवढंच अगदी काटेकोर केलं होतं, आणि आता त्या वाट बघत होत्या. प्रेमकुंवरचा हात दुखायला लागला होता, तिने दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला होता. पण दोरा वरच होता.

"साहेब," प्रमिलाबाई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तो पुन्हा काढावा लागला.

"साहेब, मुलींना समजलेलं नाही."

बोरसे साहेबांनी मान वर केली. "कसं म्हणता? सगळ्यांचे हात वर आहेत."

"डावे आहेत, साहेब."

दारात मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्म्यातून हातांच्या त्या रानाकडे बघितलं.

"म्हणजे?"

"न समजलेल्या मुलींनी डावा हात वर करायचा, असं आहे." त्यांनी खिडकीची चौकट धरली. "मीच शिकवलंय त्यांना. तुम्हाला सगळे हात दिसावेत म्हणून. त्यांचा दोष नाही."

साहेबांनी पेन हातातच ठेवलं. बाहेरच्या रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत वर्गात ऐकू येत राहिला.

"एकीलाही समजलं नाही?" त्यांनी विचारलं.

"दुसरी ओळ, साहेब." आता मागे फिरता येणार नव्हतं. "खाली दिलं. वर द्यायचं राहिलं."

साहेब फळ्याकडे बघू लागले. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. ओठ हलले. त्यांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या, दिवाळीनंतर नर्मदाच्या झाल्या होत्या तशाच. प्रमिलाबाईंना वाटलं, आता ते उठतील आणि निघून जातील, आणि त्यांच्याबरोबर सगळंच जाईल.

"शेरा नंतर लिहितो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता, त्यातून काहीच कळत नव्हतं. "तुम्ही पुरं करा ते."

फळा चार पावलांवर होता. प्रमिलाबाईंनी खडू उचलला. साहेबांचं अक्षर त्यांनी पुसलं नाही. दुसऱ्या ओळीतल्या एकाच्या शेजारी थोडी जागा होती, तिथे त्यांनी कंस करून मूळ तीन अधिक मूळ दोन लिहिलं. तिसऱ्या ओळीतही लिहिलं. मग दोन रेघा ओढलेल्या एकावर काट मारली आणि खाली नवं उत्तर मांडलं. वळणदार अक्षरांच्या मध्ये त्यांची अक्षरं वाकडीतिकडी दिसत होती.

त्या वळल्या. 'खाली' म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

पहिल्या बाकावरच्या एकीचा डावा हात खाली आला आणि उजवा वर गेला. मग तिच्या शेजारणीचा. कुणी सांगितलं नव्हतं. बाकामागून बाक बदलत गेले. प्रेमकुंवरने दोरा बघितला, तो हात मांडीखाली दाबून ठेवला आणि दुसरा उंचावला.

खिडकीजवळचा एक डावा हात तेवढा तसाच राहिला.

नर्मदाला हे गणित येत होतं, वर्गात सगळ्यांच्या आधी येत होतं. तिचा हात कशासाठी वर आहे हे प्रमिलाबाईंना ठाऊक होतं. शेवटच्या बाकाकडे त्यांनी एकदा बघितलं. साहेबांनीही तो हात बघितला होता.

"बोल, नर्मदा," त्या म्हणाल्या. "तेव्हा विचारलं होतंस ते पुन्हा विचार."

नर्मदा उभी राहिली. मागे बोरसे साहेबांनी पेनाला टोपण लावलं, शेरेबुक मिटलं, आणि तेही फळ्याकडे बघत बसले.